अल्ट्रासॉनिक क्लीनर बिघडला, तर दोष आधी कुठे शोधावा?

दंतवैद्यांचे दवाखाने, सराफांच्या पेढ्या, चष्म्यांची दुकाने, घड्याळजी आणि मोबाइल दुरुस्त करणारे या सगळ्यांकडे आता स्टीलच्या टाकीचे एक छोटे यंत्र टेबलावर दिसते. त्यात पाणी भरून वस्तू सोडली की ब्रश न पोहोचणाऱ्या फटींतला मळही निघून येतो. या यंत्रांतला बराच प्रचलित नमुना साधारण ३ लिटरचा असतो. त्याची वारंवारता ४० किलोहर्ट्झ, टाकीच्या तळाला बाहेरून चिकटवलेले प्रत्येकी ६० वॉटचे २ ट्रान्सड्यूसर (विजेचे कंपनांत रूपांतर करणारे भाग) आणि पाणी गरम करायला १०० वॉटचा हीटर. पुढचे विवेचन याच नमुन्याला धरून केले आहे, पण त्यातला बहुतेक भाग लहानमोठ्या सर्वच टाक्यांना लागू पडतो.

तक्रारी ठरावीक असतात. आवाज येतो पण मळ निघत नाही, दिवा लागतो पण टाकी गप्प राहते, फ्यूज पुन्हापुन्हा उडतो, किंवा टाकीला हात लावला की झिणझिण्या येतात. अशा वेळी दुरुस्ती करणारा सहसा खालचे झाकण उघडून थेट कार्डाकडे, म्हणजे ट्रान्सड्यूसरला वीज पुरवणाऱ्या सर्किट बोर्डाकडे वळतो, शॉर्ट झालेला ट्रान्झिस्टर बदलतो आणि यंत्र परत करतो. ते काही दिवसांत त्याच दोषासह पुन्हा येते. याचे कारण असे की जळलेला ट्रान्झिस्टर हा बहुतेक वेळा बिघाडाचा शेवटचा टप्पा असतो आणि बिघाडाची सुरुवात पाण्यात किंवा ट्रान्सड्यूसरमध्ये झालेली असते. म्हणून तपासणीचा क्रम पाणी, ट्रान्सड्यूसर आणि मग कार्ड असा ठेवणे हिताचे ठरते.

यंत्र काम कसे करते

ट्रान्सड्यूसरच्या पोटात सिरॅमिकच्या २ चकत्या असतात. पीझेडटी या नावाने ओळखले जाणारे हे सिरॅमिक शिसे, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडांपासून बनते, आणि त्याला विजेचा दाब दिला की त्याची जाडी किंचित बदलते. दाबाने वीज आणि विजेने हालचाल, या गुणातली पहिली बाजू ज्याक आणि प्येर क्यूरी या भावांनी १८८० मध्ये स्फटिकांत दाखवून दिली होती. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्याच्या खटपटीत पॉल लांजव्हँ या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने क्वार्ट्झ पोलादाच्या दोन जाड तुकड्यांमध्ये बसवून पाण्यात ध्वनी सोडला. आजचा ट्रान्सड्यूसर त्याच रचनेचा वंशज आहे: मागे पोलादाचा ठोकळा, पुढे ॲल्युमिनियमचा, मध्ये सिरॅमिकच्या चकत्या, आणि हे सर्व आवळून धरणारा मधला बोल्ट.

हा बोल्ट केवळ जोडणीसाठी नसतो. सिरॅमिक दाब उत्तम सोसते, पण ताण पडला की तडकते. म्हणून बोल्ट त्याला सतत दाबाखाली ठेवतो, म्हणजे कंप पावतानाही त्यावर ताण येत नाही. दुरुस्तीत या बोल्टला पाना लावू नये. तो थोडा जरी सैल झाला तरी ट्रान्सड्यूसरची स्वाभाविक वारंवारता सरकते आणि चकत्या फुटण्याचा धोका वाढतो.

सेकंदाला ४० हजार वेळा तळ थरथरला की पाण्यात दाब तितक्याच वेळा वाढतो आणि घटतो. दाब घटण्याच्या क्षणी सूक्ष्म बुडबुडे निर्माण होऊन फुगतात आणि दाब वाढताच आत कोसळतात. या कोसळण्याला कॅव्हिटेशन म्हणतात. कोसळणाऱ्या बुडबुड्याच्या गाभ्यात तापमान काही हजार अंशांपर्यंत आणि दाब शेकडो वातावरणांपर्यंत चढतो, परंतु तो इतका लहान आणि क्षणिक असतो की भोवतीचे पाणी कोमटच राहते. जहाजांचे पंखे झिजवणारी हीच प्रक्रिया टाकीत मळ सोडवते, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे वेळ आली की टाकीही खाते.

४० किलोहर्ट्झचा ध्वनी माणसाला ऐकू येत नाही, कारण आपल्या श्रवणाची वरची मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास संपते. यंत्रातून जी फसफस ऐकू येते ती बुडबुड्यांच्या कोसळण्याची आणि टाकीच्या पत्र्याची असते. त्यामुळे आवाज येतो म्हणजे सर्व ठीक आहे असे मानता येत नाही. मात्र नेहमीची एकसारखी फसफस बदलून कर्कश किंचाळी येऊ लागली, तर ती खूण गांभीर्याने घ्यावी.

यंत्र उघडण्याआधी

नळाच्या ताज्या पाण्यात हवा विरघळलेली असते. ही हवा बुडबुड्यांत शिरून गादीसारखी आड येते, त्यामुळे त्यांचे कोसळणे मऊ पडते आणि सफाई होत नाही. पाणी बदलल्यावर टाकी किमान १० मिनिटे रिकामी, म्हणजे वस्तूंविना पण पाण्यासह, चालवली की हवा निघून जाते. पाण्यात साबणाचा अंश नसेल तरीही परिणाम कमी दिसतो. भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे काही थेंबही पुष्कळ फरक पाडतात. पाण्यावर आधारित द्रावणासाठी ५० ते ६० अंश सेल्सिअस हे तापमान सोयीचे असते. पाणी उकळीच्या जवळ नेले तर बुडबुड्यांत वाफ भरते आणि सफाई उलट मंदावते, हे अनेकांना पटत नाही. ‘जितके गरम तितके चांगले’ हा स्वयंपाकघरातला नियम येथे चालत नाही.

वस्तू थेट तळावर ठेवणे ही दुसरी नेहमीची चूक. त्यामुळे तळाची थरथर दबते, वस्तूखालचा पत्रा घासला जातो आणि ट्रान्सड्यूसरवरचा भार बदलतो. तारेची स्टीलची टोपली वापरावी. प्लॅस्टिकची टोपली, रबरी चटई किंवा कापड ध्वनी शोषून घेते. बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्या ठिकाणी तळावर क्षारांचा पांढरा थर बसतो. तो सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने काढावा. मीठ किंवा ब्लीच मात्र टाकीत कधीही घालू नये, कारण क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीललाही खड्डे पडतात.

एवढे करून झाल्यावर फॉइलची चाचणी घ्यावी. पोळ्या गुंडाळायची साधी ॲल्युमिनियमची फॉइल टाकीच्या लांबीएवढी कापून, तळापासून साधारण २ सेंटिमीटर वर राहील अशी उभी धरावी आणि यंत्र मिनिटभर चालवावे. निरोगी टाकीत फॉइलवर सर्वत्र खळगे आणि बारीक छिद्रे पडतात. छिद्रांचे आडवे पट्टे दिसले तर घाबरण्याचे कारण नाही: पाण्यात ४० किलोहर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी साधारण ३७ मिलिमीटर असते, त्यामुळे जवळपास १९ मिलिमीटरच्या अंतराने जोरदार आणि मंद थर येणे स्वाभाविकच आहे. मात्र फॉइलचा डावा भाग चाळणी झाला आणि उजवा कोरा राहिला, तर त्या बाजूचा ट्रान्सड्यूसर काम करत नाही असे जवळजवळ निश्चित समजावे. संपूर्ण फॉइल कोरी राहिली तर दोष बहुधा कार्डात किंवा दोन्ही ट्रान्सड्यूसरमध्ये आहे. चाचणीनंतर फॉइलचे कण टाकीतून पुसून काढावेत.

सुरक्षिततेविषयी

या यंत्रात २३० व्होल्टचा पुरवठा थेट रेक्टिफायरमधून (एसीचे डीसी करणाऱ्या भागातून) जातो आणि कार्डावर ३२५ व्होल्टपर्यंतचा डीसी दाब असतो; ट्रान्सड्यूसरच्या तारांवर त्याहूनही जास्त दाब येतो. बहुतेक स्वस्त कार्डांमध्ये हा सारा भाग मेन्सपासून विलग केलेला नसतो, आणि वर टाकीत पाणी असते. विजेच्या कामाची सवय नसलेल्याने पाणी, साबण आणि फॉइल यांच्या पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सवय असलेल्यानेही प्लग काढल्यावर कपॅसिटर रेझिस्टरने रिकामे करून, मीटरने खात्री करूनच हात घालावा. ट्रान्सड्यूसरची एक खोड लक्षात ठेवावी: पीझेडटी तापले किंवा थंड झाले की यंत्र बंद असतानाही त्यावर विद्युतभार साचतो. म्हणून ट्रान्सड्यूसरची टोके आधी १० किलोओहमच्या रेझिस्टरने जोडून घ्यावीत, नाहीतर झटका बसतो किंवा मीटर जातो.

पेट्रोल, थिनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल थेट टाकीत ओतण्याची प्रथा, विशेषतः मोबाइल दुरुस्तीच्या टेबलांवर, सर्रास दिसते. खाली ठिणगी पाडू शकणारे कार्ड आणि तापणारा हीटर असताना वर ज्वलनशील वाफ तयार करणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. अल्कोहोल वापरणे भागच असेल, तर हीटर बंद ठेवावा आणि ते थोड्या प्रमाणात झाकणबंद काचेच्या भांड्यात घेऊन, ते भांडे पाण्याने भरलेल्या टाकीत ठेवावे.

ट्रान्सड्यूसरची तपासणी

या यंत्राच्या बिघाडांची साखळी बहुतेकदा अशी असते. पाणी खुणेच्या खाली जाते किंवा टाकी कोरडीच चालवली जाते. कंपनांची ऊर्जा घेणारे पाणी नसल्यामुळे ट्रान्सड्यूसर स्वतःच तापतो. त्याला तळाशी धरून ठेवणारा इपॉक्सीचा थर कडांकडून सुटू लागतो. अर्धवट सुटलेल्या ट्रान्सड्यूसरची वारंवारता आणि भार दोन्ही बदलतात, आणि ज्या भाराशी जुळवून कार्ड बनवले होते तो भारच राहत नसल्यामुळे ट्रान्झिस्टर तापून शॉर्ट होतात. शेवटी फ्यूज उडतो. दुरुस्ती करणाऱ्याला ही साखळी उलट्या टोकाने दिसते, म्हणून फ्यूज आणि ट्रान्झिस्टरवरच त्याचे लक्ष खिळते.

भार जुळवण्याची ही बाब झोक्यासारखी आहे: झोक्याला त्याच्या स्वतःच्या लयीत धक्का दिला तर थोड्या जोरात तो उंच जातो, लय चुकली तर तोच जोर देणाऱ्याच्या हातावर येतो. कार्डावरची कॉइल आणि ट्रान्सड्यूसरची धारिता (कपॅसिटन्स) मिळून ही लय ठरते.

तपासणीसाठी तळाचे झाकण काढून टाकी कोरडी करून पालथी घालावी. प्रत्येक ट्रान्सड्यूसर बोटांनी हलकेच पिळून पाहावा; नीट चिकटलेला ट्रान्सड्यूसर तसूभरही हलत नाही. चांगल्या उजेडात ॲल्युमिनियमचा ठोकळा आणि टाकी यांच्यामधला इपॉक्सीचा थर सर्व बाजूंनी पाहावा. केसाएवढी फट दिसली तरी तो सुटला असे धरावे. सिरॅमिकच्या कडेवर काळी रेघ असेल तर तेथे ठिणगी पडत होती. तडा, गंज, सुटलेले सोल्डर आणि कंपनांनी तुटलेली तार यांकडेही लक्ष द्यावे. तुटलेली तार हा सर्वांत स्वस्त दोष, आणि तो अपेक्षेपेक्षा जास्त वेळा सापडतो.

त्यानंतर तारा सोडवून प्रत्येक ट्रान्सड्यूसरची धारिता मल्टीमीटरवर वेगवेगळी मोजावी. ४० किलोहर्ट्झच्या ६० वॉटच्या ट्रान्सड्यूसरची धारिता साधारण ४ नॅनोफॅरडच्या आसपास असते. नेमक्या आकड्यापेक्षा दोघांमधली तुलना अधिक उपयोगी पडते: एकाची ४ आणि दुसऱ्याची २ आली, तर दुसऱ्याची एक चकती तडकलेली आहे किंवा तिचा संपर्क तुटलेला आहे. तारा न सोडवता मोजले तर दोघांची बेरीज दिसते आणि निष्कर्ष चुकतो. रेझिस्टन्सच्या मापनात मीटरने अमर्याद दाखवले पाहिजे. काही मेगाओहमच आले तर ओल किंवा कार्बनचा माग आहे. केस वाळवण्याच्या यंत्राने मंद आचेवर सुकवून पुन्हा मोजावे. शक्य असेल तर ५०० व्होल्टच्या मेगरनेही (रोधन तपासणाऱ्या मीटरनेही) पाहावे, कारण मल्टीमीटरच्या किरकोळ दाबाखाली निर्दोष दिसणारा ट्रान्सड्यूसर जास्त दाबाखाली गळू शकतो.

ट्रान्सड्यूसर फुटलेला नसून फक्त सुटला असेल, तर तो पुन्हा चिकटवता येतो. जुना इपॉक्सी दोन्ही पृष्ठभागांवरून पूर्ण खरवडून काढावा, पृष्ठभाग पॉलिश पेपरने किंचित खडबडीत करावेत आणि ॲसिटोनने पुसल्यावर त्यांना बोट लावू नये. पाच मिनिटांत घट्ट होणारा इपॉक्सी येथे टिकत नाही; दोन भागांचा, सावकाश वाळणारा, अधिक ताकदीचा इपॉक्सी घ्यावा. थर पातळ आणि बुडबुडेरहित हवा, म्हणून ट्रान्सड्यूसर ठेवल्यावर थोडा फिरवत दाबावा, मूळ जागेच्या खुणेवर आणावा आणि समतल ठेवलेल्या टाकीवर वजन देऊन किमान २४ तास हलवू नये. काही टाक्यांच्या तळाला खुंटी जोडलेली असते आणि ट्रान्सड्यूसर तिच्यावर आटे फिरवून बसवलेला असतो. तेथेही इपॉक्सीचा थर लागतोच.

नवा ट्रान्सड्यूसर बसवताना केवळ वॉट पाहून चालत नाही. वारंवारता आणि धारिता जुन्याशी जुळली पाहिजे, आणि दोन्हींची जोडणी एकाच दिशेची हवी. तारांची अदलाबदल झाली तर एक ट्रान्सड्यूसर तळ ढकलतो त्या क्षणी दुसरा तो ओढतो, आणि टाकी चालू असूनही फॉइल जवळपास कोरी राहते. ट्रान्सड्यूसरच्या पट्टीवर सोल्डर करताना गरम सोल्डरिंग आयर्न फार वेळ टेकवू नये, कारण जास्त उष्णतेने पीझेडटीचा गुणधर्मच क्षीण होतो.

कार्ड

ट्रान्सड्यूसर निर्दोष ठरल्यावरच कार्डाकडे यावे. फ्यूजची काच काळी पडली असेल तर पुढे मोठा शॉर्ट आहे. तार नुसतीच तुटलेली आणि काच स्वच्छ असेल, तर दोष सौम्य असण्याची शक्यता आहे. फ्यूजच्या जागी तांब्याची तार बांधण्याचा आपल्याकडचा जुना रिवाज येथे थेट कार्ड जाळतो.

रेक्टिफायरचा पूल आणि दोन्ही ट्रान्झिस्टर डायोडच्या मापनावर तपासावेत. दोन्ही दिशांनी शून्य आले की तो घटक गेला. एक ट्रान्झिस्टर गेला असला तरी दोन्ही एकाच प्रकारचे नवे घालावेत, आणि त्यांच्या बेस किंवा गेटकडे जाणारे छोटे रेझिस्टर, डायोड व झेनर सोडवून मोजावेत. ट्रान्झिस्टर शॉर्ट होताना हे घटक बहुधा सोबत जातात, आणि ते तसेच ठेवले तर नवी जोडी पहिल्याच क्षणी उडते. ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांच्यामधला विद्युतरोधक पापुद्रा फाटलेला नाही याची खात्री करावी. फिल्म कपॅसिटर बाहेरून धडधाकट दिसले तरी त्यांची धारिता घटलेली असू शकते. बदलताना छापलेल्या व्होल्टपेक्षा कमी क्षमतेचा घालू नये.

दुरुस्तीनंतरचा पहिला पुरवठा १०० वॉटच्या फिलामेंटच्या बल्बमधून, म्हणजे सिरीज लॅम्पमधून द्यावा, आणि टाकीत पाणी भरलेलेच असावे. टाकीच्या कडा लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर टेकवून कार्ड बाजूला, कोरड्या जागी ठेवता येते. हीटर या वेळी बंद ठेवावा, नाहीतर बल्ब त्याच्यामुळेच पेटतो. बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर शॉर्ट अजून आहे. मंद राहिला आणि टाकीतून हलकी फसफस आली तर पुढे जावे. अनेक कार्डांत रेक्टिफायरनंतर मोठा कपॅसिटर नसतो, त्यामुळे थेट पुरवठ्यावर चालत असताना मीटर ३२५ ऐवजी २०७ व्होल्टच्या आसपास दाखवतो. हा दोष नाही. तो न गाळलेल्या डीसीची सरासरी दाखवत असतो. ट्रान्सड्यूसरच्या तारांवर साधा मीटर लावण्यात अर्थ नाही, कारण ४० किलोहर्ट्झला तो खरे वाचत नाही. कार्ड ट्रान्सड्यूसरविना चालवूनही पाहू नये: काही कार्डे भाराविना सुरूच होत नाहीत, तर काहींवर दाब धोकादायक रीतीने चढतो.

हीटरचे काम सोपे आहे. २३० व्होल्टवर १०० वॉटच्या पट्टीचा रेझिस्टन्स साधारण ५३० ओहम येतो. अमर्याद आला तर पट्टी तुटली, योग्य आला तर थर्मोस्टॅट किंवा रिले पाहावा. टाकीला झिणझिण्या येत असतील किंवा घरातला आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल, तर हीटरच्या पट्टीचे रोधक आवरण, आत झिरपलेले पाणी आणि अर्थिंग हे तिन्ही तपासावेत. प्लगच्या अर्थच्या पिनेपासून टाकीपर्यंतचा रेझिस्टन्स १ ओहमपेक्षा कमी हवा. दोन पिनांचा ॲडॅप्टर लावून वापरलेले यंत्र कितीही चांगले दुरुस्त केले तरी असुरक्षितच असते.

यंत्राचे झाकण पुन्हा लावण्यापूर्वी फॉइलची चाचणी पुन्हा घ्यावी, आणि या वेळी यंत्र सलग अर्धा तास चालवून आवाज बदलतो का हे ऐकावे; अर्धवट चिकटलेला ट्रान्सड्यूसर गरम झाल्यावरच उघडा पडतो.

एक बिघाड मात्र दुरुस्तीपलीकडचा असतो. वर्षानुवर्षांच्या कॅव्हिटेशनने तळ करडा आणि खरखरीत होतो, मग त्यात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडतात आणि पाणी थेट कार्डावर ठिबकते. इतक्या पातळ पत्र्याला वेल्डिंग केले तर तो वाकतो आणि ट्रान्सड्यूसर त्यावर सपाट बसत नाही. बाहेरून लावलेला लांबीचा (पुट्टीचा) गोळा थरथरीने काही दिवसांत सुटतो. अशी टाकी निकालात काढावी. कार्ड, हीटरचा थर्मोस्टॅट आणि शाबूत ट्रान्सड्यूसर सुट्या भागांसाठी काढून ठेवता येतात. फुटलेल्या चकत्यांमध्ये शिसे असल्यामुळे त्या घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्याव्यात.